मुलीची पाठ कोण बघतं?

आजचा विषय पाठीच्या कण्याचा आहे, आणि तोही म्हाताऱ्या माणसांच्या नव्हे, तर १० ते १६ वर्षांच्या मुलामुलींच्या. गेल्या काही आठवड्यांत हा प्रश्न वेगवेगळ्या गावांतल्या गटांतून आमच्याकडे आला. कुणी म्हणालं, मुलीचा एक खांदा वर दिसतो. कुणी म्हणालं, कपडे शिवणाऱ्या ताई सांगतात की हिचा कुर्ता नेहमी एका बाजूला वर चढतो, मापात तर काही चूक नाही. एका आजींनी सरळच विचारलं, "नातीच्या पाठीला बाक येतोय, हे नळावरून हंडे आणल्यामुळे का?"

आजींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. हंड्यामुळे नाही. दप्तरामुळे नाही, एका कुशीवर झोपल्यामुळे नाही, वाकून अभ्यास केल्यामुळेही नाही. वाढत्या पोरीवर पाण्याचं ओझं टाकू नये हे आम्ही या रेडिओवरून कितीदा तरी बोललो आहोत आणि पुढेही बोलू, पण त्याची कारणं वेगळी. ज्या बाकाबद्दल आपण आज बोलणार आहोत, तो ओझ्याने येत नाही.

कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. निरोगी माणसाला मागून पाहिलं तर ही रचना गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ खाली उतरते. बाजूने पाहिलं तर मानेपाशी, पाठीत आणि कमरेपाशी थोडं वळण असतं, ते असायलाच हवं. काही मुलांच्या कण्याला मात्र वाढीच्या वयात डावीउजवीकडे बाक येऊ लागतो. मागून पाहिलं तर कणा नागमोडी दिसतो. आणि तो नुसता वाकत नाही, पिळतोही. ओलं लुगडं पिळताना जसा त्याला पीळ बसतो, तसे मणके थोडे फिरतात. मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे त्याही फिरतात आणि पाठीची एक बाजू वर उचलल्यासारखी दिसते. या आजाराला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. दवाखान्यात हाच शब्द कानावर पडेल, म्हणून लक्षात ठेवा.

दहा वर्षांनंतर दिसणाऱ्या बाकाचं कारण १० पैकी ८ मुलांत सापडतच नाही. मूल इतर सगळ्या बाबतीत धडधाकट असतं. घराण्यात एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता वाढते, एवढं मात्र नक्की. म्हणून थोरल्या बहिणीला बाक निघाला तर धाकट्या भावंडांची पाठ जरूर बघा.

काही बाळांना हा बाक जन्मापासून असतो, कारण गर्भात पहिल्या काही आठवड्यांत एखादा मणका नीट घडलेला नसतो. अशा बाळांची मूत्रपिंडं आणि हृदयही तपासून घ्यावं लागतं, कारण हे अवयव त्याच सुमारास घडत असतात. इथे आम्हाला एक गोष्ट थांबून सांगायची आहे. असं बाळ झालं की घरात पहिला प्रश्न सुनेला येतो: ग्रहण पाळलं नव्हतंस का? सुरी-विळी हातात घेतली होतीस का? मैत्रिणींनो, ग्रहणाचा आणि मणक्याचा काहीही संबंध नाही. आईच्या हातून काही घडलं म्हणून हा बाक येत नाही. गटात कुणी सासूबाई असं बोलताना ऐकल्या, तर तिथल्या तिथे बोला. त्या पोरीला बाळाला घेऊन दवाखान्याच्या चकरा मारायच्या आहेत, त्यात हे ओझं नको.

मेंदूचा पक्षाघात किंवा स्नायूंचा आजार असलेल्या मुलांनाही बाक येतो, कारण कण्याला दोन्ही बाजूंनी सारखं धरून ठेवणारे स्नायूच कमजोर असतात. त्यांचे उपचार वेगळे आहेत, आज त्यात जात नाही. आज बोलू या त्या धडधाकट, शाळेत जाणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मुलीबद्दल.

मुलीबद्दल असं का म्हणतो? बारीकसा बाक मुलांत आणि मुलींत साधारण सारखाच आढळतो. पण वाढत जाऊन उपचारापर्यंत पोचणारा बाक मुलींमध्येच कितीतरी जास्त असतो. आणि तो वाढतो तो नेमका उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात. मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पहिली पाळी येण्याच्या आधीच्या साधारण वर्षभरात. पाळी आल्यानंतर वेग कमी होतो, तरी सुमारे दोन वर्षं वाढ चालू असते. म्हणजे १० ते १५ हा काळ. मुलांमध्ये ही वाढ एक-दोन वर्षं उशिरा येते, त्यांच्याकडे १६-१७ पर्यंत लक्ष ठेवावं.

आता जरा आपल्या घरात बघू या. लहानपणी आपण पोरीला न्हाऊ घालतो, पाठीला तेल लावतो, पाठ चोळतो. तिच्या पाठीवरचा तीळसुद्धा आपल्याला माहीत असतो. आठ-नऊ वर्षांची झाली की ती स्वतःची स्वतः अंघोळ करते. पुढे ती लाजू लागते, दार लावून कपडे बदलते. हे योग्यच आहे, तिचं शरीर तिचं आहे. पण होतं असं, की ज्या वयात पाठ बघायला हवी, त्याच वयात ती आईच्या नजरेआड जाते. त्यात सैल कुर्ता, वर ओढणी. शिवाय हा बाक सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे मुलगीही काही सांगत नाही. तिला स्वतःची पाठ दिसत नाहीच. मग वर्ष-दोन वर्षांनी लग्नात साडी नेसवताना एखाद्या मावशीच्या लक्षात येतं, आणि तोवर बाक बराच वाढलेला असतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: मुलगी १० वर्षांची झाली की पुढची पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी तिची पाठ एकदा नीट बघा. लक्षात राहायला दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी धरा. दिवाळीला तर उटणं-तेल होतंच.

कसं बघायचं? घरात, दार लावून, फक्त आई किंवा मुलीला जवळची वाटणारी बाई. आधी तिला विचारा, कशासाठी बघतोय ते सांगा. अंगात परकर किंवा पायजमा आणि मागून उघडी पाठ दिसेल असं काहीतरी, पुढून टॉवेल धरला तरी चालेल. केस वर बांधा. उजेड मागून येऊ द्या.

तिला सरळ उभं करा, पाय जुळवून, हात मोकळे सोडून. मागून बघा. दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का? खांद्यामागचं पसरट हाड, म्हणजे फरा, एका बाजूला जास्त बाहेर आलाय का? हात सरळ सोडल्यावर हात आणि कंबर यांच्यामध्ये जी फट दिसते, ती दोन्हीकडे सारखी आहे का? एक खुबा वर वाटतो का?

मग तिला वाकायला सांगा. गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात जोडून, पायांच्या दिशेने हात सोडत हळूहळू पुढे वाकायचं, थोरांच्या पाया पडताना वाकतो तसं. पाठ जमिनीला समांतर आली की थांबायचं. तुम्ही मागे खाली बसा आणि डोळे तिच्या पाठीच्या पातळीवर आणा. आता पाठीच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, की एक बाजू शेताच्या वरंब्यासारखी उचललेली दिसते? पिळामुळे फिरलेल्या बरगड्या या स्थितीत लपत नाहीत. उभं असताना काहीच वाटलं नाही, तरी वाकल्यावर फरक कळू शकतो. ही तपासणी नवी नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम अ‍ॅडम्स यांनी ती एकोणिसाव्या शतकात सांगितली आणि आजही जगभर डॉक्टर पहिल्यांदा हेच करतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

एक विनंती आहे. गटाच्या बैठकीत मुलींना रांगेत उभं करून हे करू नका. बैठकीत पद्धत शिका, एकमेकींच्या पाठीवर सराव करा, मुलीची पाठ घरी जाऊन बघा. आणि फरक दिसला तर गल्लीभर सांगू नका.

फरक दिसला म्हणजे आभाळ कोसळलं असंही नाही. या वयातल्या १०० मुलामुलींत दोन-तीन जणांना मोजण्याइतका बाक असतो. त्यांतल्याही दहात एखाद्यालाच उपचार लागतात. बाकीच्यांना फक्त लक्ष ठेवणं पुरतं. पण ती एखादी कोणती, हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो.

आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना सांगा. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक येतं. २०१३ पासून सुरू असलेला हा सरकारी कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक येईल त्या दिवशी मुलीला शाळेत पाठवा आणि पाठ दाखवायची आहे असं शिक्षिकेला आधी सांगून ठेवा. पण पथक यायला चार-सहा महिने असतील तर वाट बघत बसू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो, तिथे जा.

तिथे उभं राहून पूर्ण कण्याचा एक्स-रे काढतात. झोपून काढलेल्या एक्स-रेत बाक कमी दिसतो, म्हणून उभ्यानेच. त्यावर रेषा मारून डॉक्टर बाकाचा कोन मोजतात. तो आकडा अंशांत असतो, आणि पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. अंश म्हणजे काय हे घड्याळावरून समजून घ्या. मिनिटकाटा बारावरून तीनवर आला की ९० अंश, म्हणजे काटकोन. बारावरून एकवर आला की ३० अंश. मिनिटकाटा दोन मिनिटंसुद्धा पूर्ण सरकला नाही, एवढा कोन म्हणजे १० अंश. दहाच्या आतल्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत.

दहा ते पंचवीसच्या मधला बाक असेल तर साधारणपणे दर चार ते सहा महिन्यांनी बोलावून बघतात. "डॉक्टरांनी काही दिलंच नाही, नुसतं परत या म्हणाले," असं म्हणून पुष्कळ घरांतून दुसरी चक्कर होतच नाही. पण परत बोलावणं हाच इथे उपचार असतो. बाक २० अंशांचा आहे, एवढ्यावरून काही कळत नाही. २० अंशांचा आहे आणि मुलीला अजून पाळी आलेली नाही, याला अर्थ आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक असलेली आणि वाढ पुष्कळ शिल्लक असलेली मुलं पाहिली, तर तीनपैकी दोघांचा बाक पुढे वाढला. वाढ बरीच होऊन गेलेल्यांमध्ये मात्र चारपैकी एकाचाही पूर्ण नाही. म्हणून डॉक्टरांनी "पाळी कधी आली?" विचारलं तर लाजू नका. पहिल्या पाळीचा महिना वहीत लिहून ठेवा. खुब्याच्या हाडाच्या एक्स-रेवरूनही किती वाढ शिल्लक आहे ते त्यांना कळतं.

बाक २५ ते ४० अंशांच्या दरम्यान आणि मुलगी अजून वाढते आहे, अशा वेळी ब्रेस देतात. ब्रेस म्हणजे मापाचं, कडक प्लास्टिकचं कवच. काखेखालपासून खुब्यापर्यंत येतं, पट्ट्यांनी आवळतात, आत जागोजागी गाद्या असतात. त्या गाद्या बाकावर दाब देतात. ब्रेस कणा सरळ करत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, नाहीतर दोन वर्षं घालूनही "फरक पडला नाही" असं वाटेल. २८ अंशांचा बाक वाढ संपेपर्यंत २८ किंवा ३०च्या आसपास राहिला, तर ब्रेसने आपलं काम चोख केलं.

पूर्वी ब्रेसचा खरंच उपयोग होतो का याबद्दल डॉक्टरांतही वाद होता. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस घेतलेल्या १०० पैकी ७२ मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत, म्हणजे ५० अंशांपर्यंत, गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हा आकडा १००त ४८ होता. फरक इतका उघड होता की अभ्यास ठरल्या वेळेच्या आधीच थांबवला. आणखी एक गोष्ट त्यातून कळली, आणि आम्हाला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ब्रेसमध्ये तापमान टिपणारं छोटं यंत्र बसवलेलं होतं, त्यामुळे मुलांनी सांगितलेले नव्हे, तर खरोखर घातलेले तास मोजले गेले. दिवसाला सरासरी १३ तासांच्या वर ज्यांनी ब्रेस घातला, त्यांच्यात १००त ९०हून जास्त जणांचा बाक आटोक्यात राहिला. ज्यांनी दिवसाला सहा तासही घातला नाही, त्यांना जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. खुंटीला टांगलेल्या ब्रेसचा उपयोग नाही, हे आता आकड्यांत आहे.

पण १३ तास कसे काढायचे? आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात साधा पोलका नकोसा होतो, तिथे प्लास्टिकचं कवच! दोन-चार गोष्टी मदत करतात. आत शिवणी नसलेला, अंगाला चिकटून बसणारा सुती बनियन घालायचा, वळी पडू द्यायची नाही, घामाने भिजला की बदलायचा. असे पाच-सहा बनियन असू द्या. ब्रेस रोज ओल्या फडक्याने पुसून सुकवायचा, उन्हात ठेवायचा नाही, प्लास्टिक वेडंवाकडं होतं. ब्रेसखाली तेल, पावडर, मलम थापू नका, कातडी मऊ पडून सोलते. काढल्यावर कातडी लाल दिसते, ती अर्ध्या तासात निवळली तर ठीक. फोड आला किंवा सोलली तर ब्रेस बनवणाऱ्यांकडे जाऊन गादी बदलून घ्या. संध्याकाळी शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, झोपेसकट, घातला तर तेरा-चौदा तास तिथेच भरतात. डॉक्टरांनी जास्त सांगितले असतील तर त्यांचं ऐका. खेळताना आणि अंघोळीला काढायला बहुतेक परवानगी असते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस हळूहळू तास वाढवत न्या.

आणि मुलीचं मन. बारा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसारखं दिसायचं असतं. तिला ब्रेस घालून वर्गात बसायला सांगणं सोपं नाही. गणवेश एक माप मोठा शिवा, म्हणजे ब्रेस आत जातो. वर्गशिक्षिकेला एकदा भेटून सांगा. घरात भावाने चिडवलं तर त्याला तिथेच गप्प करा. रोज किती तास घातला ते तिलाच कॅलेंडरवर लिहू द्या. आपण पाठीमागे लागून मोजण्यापेक्षा तिने मोजलेलं बरं.

मेडिकल दुकानात पाठ सरळ करायचे इलॅस्टिकचे पट्टे मिळतात, जाहिरातीही दिसतात. त्यांनी हा बाक थांबत नाही. व्यायामाचं म्हणाल तर जर्मनीत काटारीना श्रोट नावाच्या बाईंना स्वतःलाच हा बाक होता. त्यांनी श्वास आणि विशिष्ट व्यायामांची पद्धत बसवली आणि १९२१ पासून इतरांना शिकवली. ती शिकलेले फिजिओथेरपिस्ट मिळाले तर ब्रेसच्या जोडीला फायदा होतो. योगासनं, सूर्यनमस्कार, पोहणं हे सगळं मुलीने करावं, पाठ मजबूत राहते. पण २५ अंशांच्या पुढचा वाढता बाक नुसत्या आसनांवर सोडू नये. आणि हाडवैद्याकडून पाठ ओढून, दाबून, तुडवून घेऊ नका. याचं कारण पुढे येतं.

कारण पाठीचा प्रत्येक बाक स्कोलिओसिस नसतो. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे. त्यात पाठ दुखते, विशेषतः रात्री, संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक जाते, वजन उतरतं, आणि कण्यावर मधोमध टोकदार उंचवटा येऊ शकतो. अशा पाठीवर कुणी जोर दिला तर आतली नस दबून पाय लुळे पडू शकतात. वेळेवर ओळखला तर हा आजार औषधांनी बरा होतो, आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तेव्हा बाकासोबत सतत दुखणं असेल, पायात मुंग्या किंवा कमजोरी असेल, चालण्यात फरक पडला असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर सहा महिन्यांची वाट नको, त्याच आठवड्यात मोठं रुग्णालय गाठा. पाय लुळे पडायला लागले तर त्याच दिवशी. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला बाक दिसला, पाठीच्या तळाशी केसांचा झुपका किंवा खळगा असला, अंगावर चहाच्या रंगाचे बरेच डाग असले, तरीही लवकर दाखवा.

आता शस्त्रक्रिया. बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला तर तिचा विचार होतो. कारण ५० अंशांच्या वरचा बाक वाढ संपल्यावरही थांबत नाही, वर्षाला साधारण एक अंशाने सरकत राहतो. फार मोठा झाला तर छातीचा पिंजरा आकसून श्वासाला त्रास होतो. शस्त्रक्रियेत पाठीमागून मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना धातूच्या दोन सळया जोडतात, कणा शक्य तेवढा सरळ करतात आणि हाडाचे तुकडे भरून तेवढे मणके एकमेकांना सांधतात. सळया आत कायम राहतात. सांधलेला भाग पुढे वाकत नाही, पण खालचे मणके आणि खुबे मोकळे असल्याने मुलगी बसते, वाकते, चालते.

"पोरगी पांगळी होईल," ही भीती आम्ही सगळीकडे ऐकतो. धोका शून्य नाही, तो लपवणार नाही. पण नसेला इजा होण्याचं प्रमाण १००त एकाहून कमी आहे, आणि शस्त्रक्रिया चालू असताना पायांकडे जाणारे संदेश यंत्रावर सतत बघतात. भीती बरीचशी जुन्या काळातली आहे. १९५०च्या दशकात ह्यूस्टनला डॉ. पॉल हॅरिंग्टन पोलिओ झालेल्या मुलांच्या पाठीत सळई बसवू लागले, तेव्हा मुलांना नंतर महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहावं लागे. आता बहुतेक मुलांना एक-दोन दिवसांत उठवून बसवतात, आठवड्याच्या आत घरी सोडतात, महिना-दीड महिन्यात शाळा सुरू होते. पाण्याचे हंडे, पोती, सरपण मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

खर्च मोठा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. आपल्या मुलीची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात होते, हे भरती करण्याआधी त्यांना विचारा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, ब्रेसच्या खर्चासाठी त्यांना भेटा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे अशी आधाराची साधनं बनवतात. प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुठल्याच योजनेत नसतो. तिथे गटाचं कर्ज कामाला येतं. अशा चकरांसाठी कर्ज मागितलं तर गटाने ते आधी द्यावं, असं आमचं मत आहे.

खरी अडचण बहुतेक घरांत पैशाच्याही आधी येते. "लोकांना कळलं तर हिचं लग्न कसं होणार?" म्हणून पाठ झाकतात, दवाखाना टाळतात, आणि ज्या दोन-तीन वर्षांत ब्रेसने काम झालं असतं ती निघून जातात. मग अठराव्या वर्षी तोच बाक ५५ अंशांचा होऊन समोर येतो, लपवण्यापलीकडे गेलेला. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, उपचार न घेतलेल्या ११७ जणांचा पन्नास वर्षं मागोवा घेतला. त्यांना पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, पण त्यांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, म्हातारपण बघितलं. बाक असलेल्या बाईला दिवस राहतात, बाळंतपण होतं, बहुतेकींचं नेहमीसारखंच. शस्त्रक्रिया झालेल्यांचंही. फक्त बाळंतपणाआधी डॉक्टरांना सांगून ठेवायचं, कारण पाठीतून भुलीचं इंजेक्शन देणं थोडं अवघड जाऊ शकतं.

ब्रिटनच्या राजघराण्यातल्या राजकन्या युजिनी यांची बाराव्या वर्षी, २००२ साली, ही शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांनी मुद्दाम मागून खोल गळ्याचा पोशाख घातला, डोक्यावरून जाळीही घेतली नाही, पाठीवरचा वण सगळ्या जगाला दिसावा म्हणून. आपल्या पोरींनी तसं करावं असं आम्ही म्हणत नाही, राजवाडा वेगळा आणि आपली गल्ली वेगळी. पण जगात सर्वांत वेगाने धावलेल्या उसेन बोल्टच्याही पाठीला बाक आहे, हे मुलीच्या कानावर जरूर घाला.

जाता जाता दवाखान्याच्या चकरांबद्दल. प्रत्येक वेळी डॉक्टर नवा बाक जुन्याशी ताडून बघतात, म्हणून पहिला एक्स-रे फार मोलाचा. तो घडी घालू नका, छपरातून पाणी गळतं तिथे ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या फाइलखाली सपाट ठेवा, पाकिटावर तारीख आणि अंशांचा आकडा लिहा, आणि मोबाइलवर त्याचा एक फोटोही काढून ठेवा.